बाभळीपलीकडची बोली

भानुदासराव सरवदे यांना आख्ख्या बारामतीत कुणी एकेरीत हाक मारत नव्हतं. हे सुख आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांच्या घरात आठवडाभर राहून बघावं. सकाळी दूधवाला 'सर, दूध' म्हणायचा. शेजारी 'सर, पेपर वाचून झाला असला तर द्या' म्हणायचे. मुलगी अंजली पुण्याहून फोन करायची, तीही 'बाबा, गोळ्या घेतल्या का तुम्ही' म्हणायची. संजीवनीबाई होत्या तोवर घरात निदान एक 'अहो' तरी फिरत होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या, आणि आता भानुदासराव स्वतःच स्वतःशी बोलत. तेही कसं? 'भानुदासराव, उठा, चहा ठेवा.' सत्तरीतल्या माणसाला एकट्यानं असतानाही स्वतःला अरे म्हणवत नाही, म्हणजे सवय किती मुरलेली असेल बघा.

गंमत अशी, की पोटापाण्यालाही त्यांनी हे अरे-अहोच धरलं होतं. बारामतीच्या एका कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, आणि त्यातही त्यांचा जीव इंग्रजी भाषेच्या इतिहासात. पोरं त्या पेपरला टरकून असायची. पण सरवदे सरांचा एक तास असा होता, की त्याला कॉमर्सची पोरंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसायची. तो तास 'दाउ'चा.

त्या रविवारी नातीचा फोन आला. अंजलीची पायल पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती, आणि तिला नेमका तोच भाग होता.

"आबा, तुमचा तो फेमस तास मला फोनवर द्या ना."

आबांना तेवढंच हवं होतं. खुर्चीत सरसावून बसले आणि घसा साफ करून सुरू झाले.

"ऐका पायलबाई. इंग्रजीत एके काळी आपल्यासारखंच होतं. समोर एक माणूस असला तर 'दाउ', अनेक असले तर 'यू'. राजा असो की गुराखी, एकटा म्हणजे दाउ. मग समुद्र ओलांडून नॉर्मन लोक आले, त्यांनी राज्य घेतलं आणि दरबारात फ्रेंच आणली. आपल्याकडं फारसी कचेरीत बसली आणि तहसील, दाखला, जप्ती मागं ठेवून गेली, तसंच. त्या फ्रेंचांची रीत अशी, की मोठा माणूस एकटा असला तरी त्याला अनेक असल्यासारखं बोलायचं. ती रीत इंग्रजांनी उचलली. धन्याला यू, चाकराला दाउ. पुढं शहरं वाढली, व्यापारी वर चढले, समोरचा मोठा की लहान हेच कळेना. उगाच कुणाचा अपमान नको, म्हणून सगळेच सगळ्यांना यू म्हणायला लागले."

"आणि दाउ?"

"दाउ हळूहळू घराबाहेर पडला. प्रार्थनेत उरला, उत्तरेकडच्या काही खेड्यांत उरला. मध्ये क्वेकर म्हणून एक पंथ निघाला. ते म्हणाले, देवापुढं सगळी माणसं सारखी, तर न्यायाधीशालाही आम्ही दाउच म्हणणार. मार खाल्ला, तुरुंगात गेले, पण मागं हटले नाहीत. बरोबरी आणायची त्यांची ही तऱ्हा. सगळ्यांना खाली बसवायचं."

भानुदासराव इथं नेहमी थांबत. बरोबरी आणायची दुसरी तऱ्हा त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्या घरातली होती.

पलीकडं पायल लिहून घेत होती. मग तिनं सहज विचारलं, "आबा, हा दाउ गेला तेव्हा कुणाला चुकल्यासारखं झालं असेल का हो? म्हणजे पूर्वी आपल्याला कुणीतरी दाउ म्हणायचं, आता कुणीच म्हणत नाही, असं?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "पुस्तकात तसं काही नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पायलबाई, तुम्ही मला एकदा अरे म्हणून बघा बरं."

पायल खळखळून हसली. "आबा, तू... शी! नको हो. कसंतरीच वाटतं."

फोन ठेवला तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

ही अहो-जाहोची रीत त्यांच्या वडिलांनी घातली होती, बावड्यात, इंदापूर तालुक्यात. वडिलांचं नाव कोंडिबा, घरात त्यांना दादा म्हणत. गावात मात्र ते 'कोंड्या'. दोन लेकरांच्या बापाला पाटलाचं शेंबडं पोरगंही 'ए कोंड्या' म्हणायचं, आणि दादांनी 'जी' म्हणून उभं राहायचं. छप्पन्न साली त्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं. "आजपासनं या घरात अरं-तुरं बंद. आपुनच एकमेकाला अरं म्हनलं, तर लोक कशाला थांबतील? ज्याला त्याला तुमी म्हनायचं."

भानुदासराव तेव्हा दोन वर्षांचे. उघडे, नागडे, तोंडाला माती. "भानुदासराव, माती खाऊ नका," असं दादांनी त्यांना समजावलं, आणि आईनं पदर तोंडात कोंबला. दादा शेळीलाही 'या, बसा' म्हणतात, असं गावात चेष्टेनं सांगत. ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

गाव वर्षानुवर्षं हसलं. दादा हलले नाहीत. आणि एक दिवस इंदापूरच्या कचेरीत कारकुनानं मान वर केली आणि म्हणाला, "बसा कोंडिबाराव." दादा बसले नाहीत. तसेच बाहेर पडले, बाजारातून गूळ घेतला आणि घरी येऊन प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. खाली बघून स्वतःही गूळ खात राहिले. हळूहळू गावही वळलं. त्या एका 'बसा'पायी दादांनी काय काय गिळलं, हे भानुदासरावांना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी त्या रीतीविरुद्ध कधी ब्र काढला नाही.

पण घराचा कायदा घरापुरता. मळ्यात विहिरीच्या पुढं बांध होता आणि बांधावर एक बाभूळ होती. तिच्या पलीकडं पोरांचं राज्य. थोरली बहीण ताईबाई, त्यांची अक्का, त्यांना कडेवर घेऊन निघायची, बाभूळ ओलांडली की खाली ठेवायची आणि म्हणायची, "भान्या, पळ आता!" मग दिवसभर भान्याच. भान्या, काटा मोडला का रं? भान्या, तुझी बोरं दाव की. दादा मळ्यात यायचे ते खोकत खोकत. खोकला कानावर आला की भान्याचे भानुदासराव व्हायचे आणि दोघं तोंडाला हात लावून फिदीफिदी हसायची.

पुढं ताईबाईंचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, त्या लेकराला घेऊन बावड्याला परत आल्या. दादा थकले तशी शेती त्यांनीच ओढली. भाऊ मळ्यात आला की बाभळीपलीकडं तो भान्याच असायचा, कॉलेजात शिकायला लागला तरीही. आणि मग त्याला प्राध्यापकाची नोकरी लागली, आणि ताईबाईंनी ते एकदम बंद केलं. बाभळीच्या अलीकडं तुमी, पलीकडंही तुमी. आपण साहेब झालो म्हणून बहिणीनं परकं केलं, असं भानुदासरावांनी मनाशी धरलं. विचारलं नाही. माणूस शिकला की असल्या गोष्टी विचारायला लाजतो, आणि मग आयुष्य निघून जातं.

आता आई नव्हती, दादा नव्हते. त्यांना भान्या म्हणू शकेल असं एकच माणूस या जगात उरलं होतं, आणि तेही ऐंशीच्या घरात होतं. दिवाळीत ताईबाई ओट्यावरून पडल्या. तेव्हापासून त्यांचा मुलगा बुद्धघोष फोनवर म्हणायचा, "मामा, आई आता फार बोलत नाही." एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ती हाक ऐकायची होती. ती गेली की भान्याही जाणार होता, आणि मागं नुसते सरवदे सर उरणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंदापूरची एसटी धरली. गाडीत उभ्यानं प्रवास करावा लागला असता तरी चाललं असतं, पण कंडक्टर जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही उभे?" म्हणून त्यानं एका चांगल्या बसलेल्या माणसाला उठवलं. भानुदासरावांना त्या दिवशी त्या आदराचासुद्धा राग आला. खिडकीशी बसून ते मनात घोकत राहिले. अक्का, मला अरे म्हणा. छे. अक्का, तुम्ही मला तू का म्हणत नाही? हे तर त्याहून वाईट. इंदापूरच्या स्टँडवर त्यांनी केळी घेतली, अकलूजकडं जाणारी गाडी पकडली आणि बावड्याला उतरले तरी वाक्य काही जमलं नव्हतं.

ताईबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पार पांढरे, हात मात्र अजून भराभर चालत होते.

"या, भानुदासराव. वाटंत तरास न्हाय ना झाला तुमास्नी?"

"नाही अक्का. तुमची तब्येत?"

"हाय की. बसा."

झालं. पन्नास वर्षांचं संभाषण. सुनेनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती असलेलं कॅलेंडर होतं, बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खाली फेटा बांधलेले दादा. दादांच्या फोटोसमोर भानुदासरावांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेना. जेवण झालं, सून आत गेली. शेवटी त्यांनी मास्तरकीचा आडोसा घेतला.

"अक्का, इंग्रज लोकांची एक गोष्ट सांगू?"

"सांगा की."

त्यांनी सांगितली. दाउची, यूची, व्यापाऱ्यांची, क्वेकरांची. ताईबाई शेंगा फोडता फोडता ऐकत होत्या.

"मंग तितं आई लेकराला काय म्हनती?"

"यूच."

"आन् कुत्र्याला?"

"त्यालाही यू."

"आन् देवाला?"

"देवाला जुन्या प्रार्थनेत अजून दाउ म्हणतात."

ताईबाई हसल्या. "म्हंजी अरं म्हनून घ्यायला येकटा देवच उरला म्हना की."

भानुदासरावांना हसू आलं नाही. त्यांचा आवाजच बदलला. "अक्का, तुम्ही मला भान्या म्हणायचं का सोडलंत?"

शेंगा फोडणारे हात थांबले. ताईबाईंनी भिंतीवरच्या दादांकडं बघितलं, मग भावाकडं.

"हितं नगं," त्या म्हणाल्या. "हात धरा माजा."

"अक्का, मळ्यापर्यंत तुम्हाला चालवणार नाही."

"धरा म्हनते ना."

दिवाळीपासून त्या ओट्याखाली उतरल्या नव्हत्या. एका हातात काठी, एका हातात भाऊ, अशा त्या निघाल्या. विहिरीपर्यंत जाताना दोनदा टेकल्या. माघाचं ऊन उतरायला लागलं होतं. शेजारच्या रानात ऊसतोड होऊन गेली होती, पाचट पसरलं होतं. बुद्धघोषचा ऊस मात्र अजून उभा होता, डोक्याच्या वर. बाभूळही होती. वरून तारा गेल्यामुळं तिच्या फांद्या एका बाजूनं छाटल्या होत्या. तिच्या अलीकडं ताईबाई काठीवर भार टाकून धाप जिरवत उभ्या राहिल्या.

"नोकरीचा कागद घिऊन तुमी आला हुता. पँट घातलेली. मी हितं पलीकडं खुरपीत हुते. मला ऱ्हावलं न्हाय. माजा भान्या मास्तर झाला म्हनून वरडले. शेजारच्या रानात मानसं हुती, त्यांनी ऐकलं."

"मला आठवतं."

"दुसऱ्या दिशी तुमी यष्टीत चढताना काय झालं, ते आठवतं?"

भानुदासरावांचा चेहरा उतरला. आठवत होतं. थांब्यावरच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं होतं, 'ए भान्या, जागा धर रं!' आणि सगळे हसले होते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून आत जाऊन बसले होते. हे कुणाला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मी मागंच हुते, डोक्यावर पाटी घिऊन," ताईबाई म्हणाल्या. "त्यास्नी ती हाक कुनी दिली? म्याच. दादांनी जलम घालवून गावाची तोंडं वळवली, आन् मी येका वरडन्यात घालवलं. माज्या मायेचं त्यांनी उचललं आन् तुमच्या तोंडावर मारलं. तवा ठरवलं, जिभंवर आनायचंच न्हाय."

"आणि मला वाटलं, मी साहेब झालो म्हणून तुम्ही..."

"व्हय, तुमास्नी तसंच वाटनार." त्या रागावल्या होत्या, आणि हातही सोडत नव्हत्या. "आन् दादांचा खोकला आठवतो?"

"बिडीचा."

"दादांनी बिडी कवा वडली?"

दादांच्या हातात बिडी भानुदासरावांनी कधी बघितली नव्हती. घरात त्यांना खोकताना कधी ऐकलं नव्हतं. दादा आजारी पडून गेले, तेव्हासुद्धा त्यांना खोकला नव्हता.

"हितं बाभळीपाशी आलं की खोकायचं," ताईबाई म्हणाल्या. "आपल्याला वाटायचं, आपुन दादांना फशिवतो. माजं लगीन ठरल्यावर आईनं सांगितलं. लेकरं तितं मोकळी बोलत्यात, त्यांचं त्वांड धरू नगं, दादा म्हनायचं. मी खोकून जातो."

भानुदासरावांनी बाभळीच्या खोडाला हात लावला. ज्या बापाच्या रीतीखाली आपण गुदमरलो असं त्यांना उभा जन्म वाटत आलं, त्या बापानंच ती मोकळी जागा राखली होती. इतकी वर्षं हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांना आता दादा हवे होते, फेटा बांधलेले, समोर उभे असलेले.

ताईबाईंनी काठी बांधापलीकडं रोवली. एक पाय टाकला, मग भावाच्या खांद्याचा आधार घेऊन दुसरा. इकडं तिकडं बघितलं. ऊस आणि त्यावरून जाणारं वारं, बाकी कुणी नव्हतं. त्यांनी भावाच्या गालावरून हात फिरवला.

"भान्या," ताईबाई म्हणाली. "किती वाळलास रं तू."

भान्यानं तिचा हात गालावरच धरून ठेवला.

"जेवतोस का येळच्या येळी? येकटाच असतोस. हे बटन तुटलंय, लावलं न्हाईस." मग तिनं त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "संजीवनी गेली तवा रडलास का रं?"

सगळ्यांनी सांगितलं होतं, सर, सावरा. सर, तुम्ही खंबीर आहात. शोकसभेत त्याच्या धीराचं कौतुक झालं होतं, आणि त्यानं हात जोडून सगळ्यांचे आभार मानले होते. रडलास का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणणाऱ्या माणसाला ते विचारताही आलं नसतं.

"न्हाय गं अक्के," भान्या म्हणाला, आणि बांधावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. ताईबाई त्याच्याशेजारी बसली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिली. गप हो म्हणाली नाही. बराच वेळ गेला. रडून झाल्यावर त्यानं तिच्याच पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "आन् तुला गं? तुला अगं म्हनायला कोन हाय?"

ताईबाईनं आठवून बघितलं. "आई हुती," ती म्हणाली. "आन् आत्ता तू म्हनलास."

"आता रोज म्हनीन. फोनवर."

"फोन घरात वाजतो, येड्या."

"मंग मोबाइल घिऊन हितं येत जा."

"या पायांनी?" ताईबाई खुदकन हसली, आणि मग दोघंही तोंडाला हात लावून हसायला लागली. ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं होतं. विहिरीकडून मोटरसायकल आल्याचा आवाज झाला आणि बंद पडला. सुनेनं सांगितलं असणार, दोघं म्हातारी मळ्यात गेलीत म्हणून. पावलं जवळ येत गेली आणि बाभळीच्या अलीकडंच थांबली.

मग तिकडून बुद्धघोष खोकला. दोनदा, चांगला मोठ्यानं.

भानुदासराव चमकून ताईबाईंकडं बघायला लागले. ताईबाईंनी पदर सारखा केला, डोळे पुसले आणि काठी हातात घेतली.

"उठा, भानुदासराव," त्या म्हणाल्या. "तुमचा भाचा आला."